घोडबंदर रोडवरून विमानतळ गाठायचं तर किती वाजता निघावं?

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून असलेल्या कासारवडवलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या आई, वय ७२, धाकट्या मुलीकडे बेंगळुरूला निघाल्या होत्या. शुक्रवारचं संध्याकाळी ७:४५ चं विमान, मुंबई विमानतळाचं टर्मिनल २. साडेपाचला घर सोडलं, तरी पोचेपर्यंत बॅगांचं काउंटर बंद झालं होतं. पैसे बुडालेच, शिवाय आईंनी मनाला लावून घेतलं की आपल्या सावकाश चालण्यामुळे उशीर झाला. आता पुन्हा तसंच शुक्रवारचं, त्याच वेळेचं तिकीट काढायचंय. चूक कुठे झाली, किती वाजता निघावं आणि नवी मुंबईच्या विमानतळावरून तिकीट काढलं तर सोपं जाईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, आधी आईंना सांगा की त्यांच्या चालण्याचा यात काही संबंध नाही. ठाण्यात गाड्या आणि तिकिटांचा व्यवसाय करताना मी अशी कितीतरी कुटुंबं पाहिली आहेत. त्यातली बहुतेक माणसं व्यवस्थित वेळ धरून निघालेली असतात, फक्त ती वेळ चुकीच्या ठिकाणापासून मोजलेली असते.

तुम्ही म्हणता सव्वादोन तास आधी निघालो. पण ७:४५ ही विमान सुटायची वेळ. देशांतर्गत विमानाला बहुतेक कंपन्या बॅग घेण्याचं काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, म्हणजे तुमची खरी वेळ ६:४५ होती. त्याआधी गाडीतून उतरून सामान ट्रॉलीवर चढवणं, प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवणं, काउंटरच्या रांगेत उभं राहणं. वयस्कर माणूस सोबत असताना याला पाऊण तास लागतो. म्हणजे टर्मिनलच्या दारात सहाला असायला हवं होतं आणि रस्त्यासाठी तुमच्या हातात उरला अर्धा तास. कासारवडवली ते सहार, म्हणजे मुंबईचं जुनं विमानतळ, अर्ध्या तासात शुक्रवारी संध्याकाळी तर सोडाच, पहाटे दोनलाही भरवशानं होत नाही.

म्हणून विमानाच्या वेळेतून पावणेदोन तास आधीच वजा करा आणि जे उरेल ते रस्त्याचं समजा. बॅग द्यायची नसेल, तरुण माणूस असेल, घरूनच चेक-इन केलेलं असेल आणि चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा चालू असेल तर सव्वा तास वजा केला तरी चालतं. परदेशी जाणाऱ्यांनी तीन तास धरावेत. ही वजाबाकी झाल्याशिवाय रस्त्याचा विचारच करू नका.

आता रस्ता. तुमच्या घरापासून टर्मिनल २ पंचवीस ते तीस किलोमीटर, वाट कोणती धरता त्यावर अवलंबून. मोकळ्या रस्त्याला हे अंतर काहीच नाही. मोबाइलवरचा नकाशा निघताना ‘एक तास पाच मिनिटं’ दाखवतो आणि माणूस त्यावर विसंबतो. पण नकाशा सांगतो ती या क्षणाची स्थिती. तुम्ही पवईला पोचाल तेव्हा पवईत काय असेल याचा तो फक्त अंदाज देतो. विमान गाठायला सरासरी वेळ कामाची नाही. दहा वेळा गेलात तर त्यातल्या सर्वात वाईट वेळी किती लागला, तो आकडा धरायचा. संध्याकाळी तुमच्याकडून टर्मिनल २ ला मी ग्राहकांना दोन तास वीस मिनिटं सांगतो. अनेकदा माणसं दीड तासात पोचतात आणि मला फोन करून म्हणतात, उगाच लवकर काढलंत. त्याचं मला काही वाटत नाही.

या वाटेवरचे अडथळे सगळे सारखे नाहीत. पहिला तुमच्या दारातच आहे, कासारवडवली ते माजिवडा. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी असे एकामागून एक उड्डाणपूल आहेत, पण पूल उतरला की पुन्हा सगळी गर्दी एकत्र येते. मेट्रो ४ चे खांब, सेवा रस्ता मुख्य रस्त्याला जोडण्याची कामं आणि त्यात गुजरातकडून उरणच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर. गायमुख घाटात एखादा कंटेनर बंद पडला की त्याची शेपूट तुमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत येते. पुढे माजिवड्याला नाशिक महामार्गाची, म्हणजे भिवंडीच्या गोदामांची वाहतूक येऊन मिळते. तुमच्या विमानाचा निकाल बहुतेक वेळा इथेच, ठाण्याच्या हद्दीतच लागलेला असतो. माजिवड्याला तुम्ही किती वाजता पोचलात हे लिहून ठेवत जा. पुढचं गणित त्यावरून मांडता येतं.

माजिवड्यापासून पूर्व द्रुतगती महामार्ग. तीन हात नाका, कोपरी पूल, आनंदनगर नाका. कोपरीचा पूल २०२३ मध्ये पूर्ण रुंद झाला आणि १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, तेव्हापासून हा टप्पा पुष्कळ सुधारला आहे. सकाळी साडेसात ते अकरा मात्र मुलुंड ते विक्रोळी गाडी रांगतच असते, कारण सगळं ठाणं-कल्याण त्या वेळी मुंबईकडे चाललेलं असतं. संध्याकाळी उलट. मुंबईकडून येणारी बाजू गच्च आणि तुमची जाणारी बाजू चालती. म्हणून संध्याकाळी माणसाला मुलुंडला वाटतं की आता काय, पोचलोच.

आणि मग विक्रोळीला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता लागतो. माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रवासातली अवघड जागा हीच. गांधीनगरच्या सिग्नलला लाल बहादूर शास्त्री मार्गाची वाहतूक आडवी येते, मेट्रो ६ च्या कामानं मार्गिका कमी झाल्या आहेत, आयआयटीचं फाटक, मग पवई तलावाच्या कडेनं वळणावळणाचा रस्ता. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि इमारती. एकदा आत शिरलात की एल अँड टी येईपर्यंत बाहेर पडायला दुसरी वाट नाही. तिथून डावीकडे साकी विहार रोडनं साकीनाका, मग मरोळ, मग सहार. साकीनाक्याला पुन्हा अर्धा तास जाऊ शकतो. आमचे मुरलेले चालक साकीनाका टाळून सीप्झवरून मरोळला उतरतात, किंवा थेट पश्चिम द्रुतगती महामार्गावर जाऊन सहारच्या उन्नत मार्गानं टर्मिनल २ च्या दारात येतात. किलोमीटर वाढतात, पण सिग्नल कमी लागतात.

म्हणून चालकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: विक्रोळीचं वळण घ्यायच्या आधी पवईची स्थिती बघ. पवई लाल दिसत असेल तर वळू नकोस, सरळ छेडानगरला जा आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता धर. वाकोल्यापर्यंत त्याचा विस्तार झाल्यापासून तो रस्ता पश्चिम द्रुतगतीला नीट जोडला गेलाय. टर्मिनल १ ला जायचं असेल तर मी बहुधा हीच वाट सुचवतो. आणि परिस्थिती फारच बिघडली असेल, सोबत सामान कमी असेल, तर पंतनगरकडून घाटकोपर पूर्वेला गाडी सोडून पुलावरून मेट्रो गाठायची. जोपर्यंत वाट बदलता येते तोपर्यंत वेळ तुमच्या हातात आहे. विक्रोळीला पवईकडे वळल्यानंतर तो नसतो.

मेट्रोचा पर्याय ठाणेकर अजून पुरेसा वापरत नाहीत, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून आहे, पण ती विमानतळाच्या जवळून जायची, विमानतळावर नाही. मेट्रो ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि चित्र बदललं. ठाण्याहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका, मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो ३ मध्ये बदल आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल २. टर्मिनल १ हवं असेल तर त्याच गाडीनं तिसरं स्टेशन. ठाणे स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत सगळं चालणं-बदलणं धरून सव्वा तास. साधा पाऊस असो, शुक्रवार असो, साधारण तेवढाच.

यात दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. लोकल ठाण्याहून सुटणारी धीमी पकडा. कल्याण-कर्जतहून भरून आलेल्या फास्टमध्ये मोठी बॅग घेऊन चढणं तुमच्यावर आणि बाकीच्यांवरही अन्याय आहे. ठाणे लोकलला पाच-सात मिनिटं जास्त लागतात, पण बसायला मिळतं आणि बॅग पायाशी राहते. सकाळी आठ ते साडेदहा घाटकोपरचा पूल सामानासकट ओलांडायला जाऊ नका. रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. मेट्रो पहाटे साडेपाच-सहाच्या आधी सुरू होत नाही, त्यामुळे पहाटेच्या विमानाला तिचा काही उपयोग नाही. आणि तुमच्या आईंच्या वयाला, दोन बॅगांसह, तीन गाड्या बदलायला मी सांगणार नाही. मात्र तुमच्या मुलाला ऑफिसच्या कामासाठी एका पाठपिशवीसह जायचं असेल तर त्यानं गाडी करूच नये.

पहाटेच्या विमानांबद्दल सगळ्यांचा समज असतो की रात्री रस्ता मोकळा. घोडबंदरला तसं नाही. अवजड वाहनांवर दिवसा निर्बंध असतात म्हणून ती सगळी रात्री सोडली जातात. मेट्रोचे गर्डर चढवायचे, रस्त्याचं डांबरीकरण करायचं, तेही रात्रीच. सहाच्या विमानाला मी पावणेतीनला गाडी दारात उभी करतो आणि निघण्याआधी वाहतूक पोलिसांची त्या रात्रीची सूचना बघून घेतो. पाहुण्यांना रात्रीची झोप मिळत नाही, हे मला कळतं. तरी त्यात मी काटछाट करत नाही.

रात्रीच्या गाडीचं वेगळं. ॲपवर पहाटे तीनला गाडी मिळण्याच्या भरवशावर राहू नका. चालक फोन करून विचारतो ‘ड्रॉप कुठं?’, पैसे ऑनलाइन आहेत म्हटलं की रद्द करतो, पुढचा चालक पंचवीस मिनिटांवर असतो. ओळखीच्या चालकाला आदल्या दिवशी सांगा आणि त्याला तीन गोष्टी विचारा. सीएनजी रात्रीच भरून ठेवणार का? कारण पहाटे पंपावर रांग लागली तर ती तुमच्या वेळेतून जाते. आदल्या रात्री किती वाजता सुटतोय? माझ्याकडे पहाटेची ड्युटी असलेल्या माणसाला रात्री नऊनंतर दुसरी भाडी देत नाही, पेंगणाऱ्या चालकामागे कुणाचे आईवडील बसवायचे नसतात. आणि वर कॅरिअर आहे का? सीएनजीची टाकी डिकीत असल्यानं लहान गाडीत दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत, हे बऱ्याच जणांना गाडी दारात आल्यावर कळतं. गाडीचा नंबर सोसायटीच्या वॉचमनला रात्रीच देऊन ठेवा.

पावसाळ्यात या सगळ्यावर एक तास वाढवा. साकीनाका-असल्फा भागात पाणी साचतं आणि भांडुप किंवा कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की लोकलचा पर्यायही जातो. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी पवईची वाट अजिबात धरू नका. पवई तलाव हे विसर्जनाचं मोठं ठिकाण आहे, दुपारनंतर तो जोडरस्ता मिरवणुकांचाच असतो. दहीहंडीला ठाण्यातले रस्ते बंद असतात. अशा दिवशी शक्य असेल तर दुपारी बाराच्या आतलं विमान घ्या.

आता नवी मुंबई. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावं उठवून ते उभं राहिलंय. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांसाठी लढलेल्या दि. बा. पाटलांचं नाव त्याला द्यावं म्हणून भूमिपुत्र का एकवटले हे ठाणे-रायगडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तुम्हाला ते सोयीचं का? अंतराचा विचार केला तर नाही. कासारवडवलीहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडतात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळकरांनी मात्र डोळे झाकून तिथलंच तिकीट काढावं. कळवा-मुंब्रा आणि डोंबिवलीकरांनाही शिळफाट्याची कोंडी टाळता आली तर तेच बरं. नौपाडा, वर्तकनगर, वागळे इस्टेट इथल्यांना सहारच जवळ. घोडबंदरकर मध्ये अडकलेत. पण मी आधी म्हटलं तसं, सर्वात वाईट वेळ मोजायची. मुलुंडहून ऐरोली पूल आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता ही वाट लांब असली तरी तिच्यावर उड्डाणपूल आहेत, मार्गिका रुंद आहेत आणि पवईसारखी कोंडून टाकणारी जागा नाही. रबाळे-महापेला कंपन्या सुटायच्या वेळी वेग कमी होतो, इतकंच. पुढे बेलापूरवरून आम्र मार्गानं उलवे. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान घरून निघायचं असेल तर मी घोडबंदरवाल्यांनाही हल्ली नवी मुंबई सुचवतो, कारण विक्रोळीपर्यंतचं रांगणं टळतं. फक्त कळवा-विटाव्याच्या वाटेनं पावसात जाऊ नका. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की परत फिरावं लागतं.

रेल्वेनं जायचं तर ठाण्याला फलाट ९, १० किंवा १०-अ वरून ट्रान्स-हार्बर, नेरूळला बदल आणि उरणच्या गाडीनं तरघर. उरण मार्गावर फेऱ्या कमी आहेत, त्यामुळे गाडीची वेळ आधी बघून ठेवल्याशिवाय हा बेत आखू नका. तरघरहूनही टर्मिनलपर्यंत वाहन लागतंच.

या नव्या विमानतळानं एक नवा घोळही आणलाय. तिकिटाच्या संकेतस्थळावर ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसतात. स्वस्त दिसलं म्हणून माणूस तिकीट काढतो आणि जाताना सहारहून, परतताना उलव्याला असं होतं. तिकिटावर सहारसाठी बीओएम आणि नवी मुंबईसाठी एनएमआय अशी अक्षरं असतात. ती जाण्याची आणि येण्याची, दोन्हीकडची वाचा. सहारचं निघालं तर पुढे टर्मिनल १ की २ तेही बघा, कारण एकाच कंपनीची काही विमानं इथून आणि काही तिथून सुटतात. चुकीच्या टर्मिनलवर उतरलात तर एखादवेळेस निभावतं. चुकीच्या विमानतळावर उतरलात तर विमान गेलंच.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला फार खुपते. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. त्या ठाण्यातून आज दोन विमानतळांपैकी एकाकडेही थेट रेल्वे नाही. मेट्रो ४ ची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदरला झाली, तेव्हा लोक गॅलऱ्यांतून बघत होते. ती पूर्ण धावेल तेव्हा घाटकोपरपर्यंतचा प्रश्न सुटेल. पण तोवर आणि त्यानंतरही रात्रीचं काय? बेंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून असंच लांब. तिथल्या महानगर परिवहन महामंडळानं ‘वायू वज्र’ बस शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून सोडल्या, आत सामानाची मांडणी आहे, रात्रीही धावतात. हैदराबादला ‘पुष्पक’ आहेत. त्यासाठी बोगदा लागत नाही, खांब लागत नाहीत. गायमुखहून निघून कासारवडवली, मानपाडा, माजिवडा, तीन हात नाका घेत एक बस सहारला आणि दुसरी उलव्याला, दर तासाला, चोवीस तास. आपल्या नगरसेवकांकडे आणि परिवहन समितीकडे पुलांच्या जोडीनं ही मागणीही लावून धरायला हवी. रात्री तीनला एका माणसासाठी एक मोटार काढणं हा माझा धंदा आहे, तरीही मी हे म्हणतो. परवडत नाही म्हणून पहाटेच्या विमानासाठी रात्री अकरापासून विमानतळाबाहेर बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्या शुक्रवारचं आता पक्कं करू. ७:४५ चं विमान सहारहून असेल तर आईंना सहाला दारात उतरवायचं, त्यातून दोन तास वीस मिनिटं वजा, म्हणजे तीन चाळीस. मी साडेतीन म्हणेन. माजिवडा सव्वाचारच्या आत ओलांडला तर निश्चिंत राहा, पावणेपाच झाले तर चालकाला छेडानगरची वाट धरायला सांगा. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवा, ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं. आईंची औषधं, पाण्याची रिकामी बाटली आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. साडेतीनला निघायचं तर जेवण एकपर्यंत उरकून घ्या, गाडीत भरल्यापोटी पवईचे झटके त्यांना सोसणार नाहीत. त्याच वेळेचं नवी मुंबईचं विमान मिळालं आणि भाड्यात फार फरक नसेल तरी मी यावेळी सहारच धरा म्हणेन, कारण संध्याकाळी तुमची बाजू मुलुंडपर्यंत चालती असते आणि व्हीलचेअर, टर्मिनल, रस्ता हे सगळं तुम्हाला माहीत आहे. परतीचं मात्र रात्री नऊनंतर उतरणारं घ्या. त्याआधी उतरलात तर विक्रोळी ते कोपरी त्यांना गाडीतच दीड तास बसून काढावा लागेल.